मीठ, चुना आणि मुदत

ज्या व्याधीने माणूस मरत नाही, अंथरुणाला खिळत नाही आणि जिच्या नावावर कचेरीतून एक दिवसाची रजाही मंजूर होत नाही, तिच्याकडे वैद्यांनी काणाडोळा करावा आणि गावाने मात्र तिच्यावर अहोरात्र खल करावा, असा प्रकार चामखिळीइतका अन्य कोणत्याही विकाराच्या वाट्याला आला नसेल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत त्वचारोगांची चिकित्सा करीत असताना चामखीळ उगवताक्षणी थेट माझ्याकडे आलेला मनुष्य मला विरळाच भेटला. आधी आजी, मग न्हावी, मग तालमीतले वस्ताद आणि अखेरीस गल्लीतला किराणा दुकानदार अशा सर्वांचे अभिप्राय घेऊन, त्या अभिप्रायांचे व्रण बोटांवर वागवीतच बहुतेक मंडळी माझ्यापर्यंत येतात.

या घरगुती उपायांत जुना आणि मानाचा उपाय घोड्याच्या शेपटीच्या केसाचा. मिरज स्टेशनाबाहेर टांगे उभे राहत असत त्या काळी टांगेवाल्याकडून असा एक केस मागून आणणे ही गोष्ट अवघड नव्हती. पुढे वरातीच्या घोड्यावर भागवावे लागले. तो केस चामखिळीच्या मुळाशी आवळून बांधला म्हणजे तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत ती काळी पडून गळते, हे खरे आहे. पण ते मानेवर अथवा काखेत देठाने लोंबणाऱ्या मऊ मांसांकुरापुरतेच खरे आहे. बोटांवर आणि गुडघ्यांवर उगवणारी, खरखरीत व फुलकोबीसारख्या माथ्याची चामखीळ ही सर्वस्वी निराळी चीज असून तिला देठच नसल्यामुळे केस बांधायचा तरी कोठे, हा प्रश्न उरतो. पहिलीचा संसर्गाशी काही संबंध नाही. दुसरी मात्र विषाणूची निर्मिती आहे, आणि हा लेख तिच्याविषयी आहे.

1907 साली चिउफो नावाच्या इटालियन वैद्याने चामखीळ कुटून तिचा रस सूक्ष्म जंतूंनाही अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, आणि त्या निर्जंतुक भासणाऱ्या रसानेही त्वचेवर नवी चामखीळ उत्पन्न होते हे दाखवून दिले. त्या रसातील कारण म्हणजे आज ज्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत तो पॅपिलोमा विषाणू होय. तो रक्तात भिनत नाही. त्वचेवरच्या बारीकशा खरचटीतून आत शिरतो आणि वरच्या थरातच ठाण मांडतो. चामखिळीचे रक्त जेथे सांडेल तेथे नवी उगवते, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच अर्धी बरोबर आहे, कारण दोष रक्ताचा नसून नखांचा असतो. खाजवलेल्या रेषेवर ओळीने उगवलेल्या चामखिळी आणि एकाच वस्तऱ्याने दाढी झालेल्यांच्या गालांवरचे पुंजके यांचा उलगडा याच न्यायाने होतो.

या विषाणूचा एक स्वभाव मात्र असा की, त्याच्यामुळे शतकानुशतके असंख्य उपायांना फुकटची कीर्ती लाभली. शरीराच्या संरक्षक पेशींना त्याचा सुगावा उशिरा लागतो, पण एकदा लागला म्हणजे चामखीळ आपोआप, डागही न ठेवता, नाहीशी होते. मुलांच्या बाबतीत सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांच्या मुदतीत काहीही न करता जातात, प्रौढांच्या अधिक रेंगाळतात. त्या मुदतीत जो उपाय शेवटचा केलेला असेल त्याच्या नावे श्रेयाचा दाखला लिहिला जातो. फ्रान्सिस बेकनसारखा, प्रयोगावाचून काहीही मानू नये असे सांगणारा पंडितसुद्धा यातून सुटला नाही. पॅरिसमध्ये असताना त्याच्या हातांवर शेकड्याने चामखिळी उगवल्या. इंग्रज राजदूताच्या पत्नीने डुकराच्या चरबीचा तुकडा त्यांवर चोळून तो खिडकीबाहेर उन्हात खिळ्याने अडकवला, आणि पाच आठवड्यांत बालपणापासूनच्या एका चामखिळीसह सर्व नष्ट झाल्या. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने स्वतःच नमूद केला आहे.

आमच्याकडे चरबीच्या जागी मीठ असते. मूठभर खडेमीठ विहिरीत अथवा कृष्णेच्या पात्रात सोडायचे, मागे वळून न पाहता घरी यायचे, आणि मीठ विरघळेल तशी चामखीळ विरघळेल असा भरवसा बाळगायचा. सुशिक्षित मंडळी हा प्रकार मला हसत हसत, किंचित ओशाळून सांगतात. मी त्यांना मनःपूर्वक सांगतो की, त्यांच्या घरात झालेल्या साऱ्या उपचारांत हाच एक निर्धोक होता.

माझी फिर्याद आहे ती चुन्याविरुद्ध. तंबाखूच्या चंचीतला चुना आणि धुण्याचा सोडा समभाग कालवून त्याचा ठिपका चामखिळीवर ठेवायचा, हा उपाय या भागात घरोघर ठाऊक आहे, आणि तो करणाऱ्याला आपण बोटावर नेमके काय ठेवले याची कल्पना नसते. ओल्या चुन्याचा व सोड्याचा संयोग झाला म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो. ज्याने साबण बनतो आणि तुंबलेली मोरी मोकळी होते, तोच. सुश्रुतसंहितेत क्षार सिद्ध करण्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे, मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे त्याचे भेद केले आहेत, कोणाला तो लावू नये हे बजावले आहे आणि जाळलेला भाग आम्ल द्रव्याने शमवण्याचीही आज्ञा आहे. ही सारी सावधगिरी वगळून केवळ दाह तेवढा आम्ही वारशाने उचलला. परिणामी चामखीळ जाते खरी, पण तिच्या खालची निरोगी त्वचाही जाते, आणि बोटाच्या सांध्यावर आयुष्यभराचा आखडलेला व्रण राहतो. बिब्ब्याची गोष्ट याहून निराळी नाही. परटाने कपड्यावर खूण करण्यासाठी वापरलेल्या त्या तेलाने ज्यांच्या मानेवर फोड उठतात, त्यांनी ते चामखिळीवर लावले तर पुरळ अंगभर पसरते. रुईचा आणि शेराचा चीक तर बोटावरून नकळत डोळ्यात गेला की बुबुळाला सूज येऊन दृष्टी अंधुक होते. चिकटपट्टीची अमेरिकेत 2002 साली बरीच तारीफ झाली. पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही, पण निदान तिने कोणाला भाजले नाही.

घरी काही करायचेच असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे सॅलिसिलिक आम्लाचे द्रावण वापरावे. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बोट बुडवून, मऊ झालेला थर वजरीने हलका घासून, सभोवार व्हॅसलीन लावून मगच द्रावणाचा थेंब चामखिळीपुरता ठेवावा. हा क्रम रोज, आणि तीन महिन्यांपर्यंत. ती वजरी घरातील दुसऱ्या कोणी वापरू नये. चेहऱ्यावर, गुप्तांगावर आणि मधुमेही माणसाच्या पायावर हा प्रयोग सर्वथा वर्ज्य. तळव्यावरचे कुरूप आणि तळव्यावरची चामखीळ यांचीही गल्लत होते: कुरूप सरळ दाबले असता दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली असता अधिक दुखते, आणि तिचा वरचा थर खरवडला तर काळे ठिपके दिसतात.

अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या पायावर अथवा हातावर महिनोन्‌महिने एका बाजूने पसरत जाणारी खरखरीत गाठ ही पुष्कळदा चामखीळ नसून त्वचेचा क्षय असते, आणि तो क्षयाच्या औषधांनीच, साधारण सहा महिन्यांत, बरा होतो, चुन्याने नव्हे. पन्नाशीनंतर नव्याने उगवलेली, वाढणारी, रक्त येणारी किंवा रंग बदलणारी कोणतीही गाठ चामखीळ समजून जाळू नये, केस बांधून तोडूही नये. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगांचा विभाग आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांकडे कसे जावे, या संकोचापायी त्याची पायरी चढण्यास विलंब करू नये, एवढीच वाचकांना विनंती.