डबल स्टँड : जोर पायाचा, कंबरेचा नको

आमच्या जळगाव-धुळे भागात हल्ली पन्नाशीतले लोकही ॲडव्हेंचर बाईक घेतात, मीही त्यांतलाच. सातपुड्यात फिरून आलेले काही जण कंबर धरून दवाखान्यात येतात आणि दोष खड्ड्यांना देतात. खोदून विचारलं की कळतं, गाडी डबल स्टँडवर घेताना उसण भरली!

हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो. तिला डबल स्टँड वेगळा बसवून घ्यावा लागतो. चेन साफ करायला, पंक्चर काढायला तो फार सोयीचा. मात्र घरी खटपट नको. ताणलेली स्प्रिंग सुटली तर डोळ्याला इजा होते.

वाकून गाडी उचलली की मणक्यांमधल्या गादीवर प्रचंड दाब येतो. म्हणून असं करा. आधी सामान उतरवा. जागा सपाट, टणक हवी, गाडी न्यूट्रलमध्ये. डावीकडे उभे राहा. डावा हात हँडलवर, उजवा सीटमागच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँड दाबून गाडी सरळ करा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की पाठ ताठ ठेवून अख्खं वजन त्या पायावर टाका. हातांनी फक्त आधार द्या. गाडी उतरवताना साइड स्टँड आधी काढा.

हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल तर मदत मागा, लाजू नका. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर तडक हॉस्पिटल गाठा. तिथे उशीर महागात पडतो.