घास कोणी भरवावा?

बऱ्हाणपुराजवळच्या बहादरपुरात आमचे घर. तेथे जेवणाची वेळ म्हणजे भांडणाची वेळ, असे एक वर्ष गेले. भांडण पैशाचे नव्हते, जमिनीचेही नव्हते. ते एका चमच्याचे होते.

आमचा धाकटा मुलगा आता सात वर्षांचा आहे. जन्मकाळी त्याच्या मेंदूस इजा झाली. डॉक्टर या विकारास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धी चांगली आहे, पण हात सांगितलेले ऐकत नाहीत. आजीने त्यास पहिल्यापासून स्वहस्ते भरविले. शेजारीपाजारी तिचे कौतुक करीत, आणि आम्हीही करीत होतो.

पुढे महिन्यातून एकदा आगगाडीने आम्ही त्यास व्यवसायोपचारासाठी जळगावास नेऊ लागलो. (व्यवसाय या शब्दाने वाचकांनी घोटाळ्यात पडू नये. येथे त्याचा अर्थ नोकरीधंदा नव्हे. जेवणे, सदरा घालणे, खेळणे, लिहिणे ही माणसाची रोजची कामे. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची देशातील पहिली शाळा काढली.) तेथील बाईंनी रोज सकाळी अर्धा तास करावयाचे व्यायाम लिहून दिले. आमच्याकडे सकाळी यंत्रमागाची पाळी बदलते, नळास पाणी येते, थोरलीची शाळा असते. व्यायाम राहून जात. महिन्याअखेरी बाई विचारीत, "केले का?" आम्ही म्हणत असू, "होय बाई, रोज."

हे लिहिताना लाज वाटते. पण असे खोटे बोलणारे आईबाप आणखीही असतील, म्हणून लिहितो.

बाईंना मुलाच्या हातावरून कळलेच. त्या रागावल्या नाहीत. कागद बाजूस सारून म्हणाल्या, "माझ्याजवळ तो महिन्यातून एक तास असतो, बाकीचे सातशेहून अधिक तास तुमच्याजवळ. तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. आणि पुढल्या खेपेस आजींना आणा."

आजी आली ती रुसूनच. बाईंनी तिला शिकविले थोडे, विचारले पुष्कळ. याची मूठ सैल केव्हा पडते? आजी म्हणाली, "कोमट पाण्याने न्हाऊ घातल्यावर. आणि पाय भुईला टेकले की मान सरळ राहते." आम्हांस हे ठाऊकच नव्हते! बाईंनी ते लिहून घेतले आणि त्यावरच सारा बेत बसविला. व्यायामाची वेगळी वेळ नको. अंघोळीनंतरचे जेवण हाच व्यायाम. पायांखाली लाकडी फळी. चमच्याच्या दांडीस मागावरच्या चिंध्या गुंडाळून ती जाड केलेली. ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके. पातळ वरणाऐवजी घट्ट खिचडी, म्हणजे ती चमच्यास धरून राहते. आजीने चमचा भरावा, त्याचा हात धरून ओठांजवळ न्यावा. शेवटचे दोन बोटे अंतर मात्र त्याचे. मग हळूहळू हात आधी सोडावयाचा.

तेथेच भांडण पेटले. तो सांडी, रडे, आजी म्हणे, "पोराला उपाशी मारता काय?" तिच्या लेखी भरविणे हीच माया, आणि ती आम्ही तिच्या हातून काढून घेत होतो. खरे सांगावयाचे तर तिचे म्हणणे आम्हांस कधी पुरते खोडता आले नाही. दोन बोटांची चार बोटे होईपर्यंत पावसाळा संपून थंडी आली.

आता खिचडी तो स्वतः खातो. वरण अजून जमत नाही, सदरा रोज खराब होतो. रात्री सर्वांची जेवणे झाली की आजी त्यास एखादा घास गुपचूप भरविते. मागल्या खेपेस बाईंनी विचारले, तेव्हा आम्ही तेही सांगून टाकले.