एका चेहऱ्याचीं पन्नास रूपें

व्यक्तिचित्र म्हणजे मनुष्याच्या अंतरंगाचा आरसा, असें आपण मानीत आलों आहों. चित्रकलेवरील एका ग्रंथांत अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचें ‘मेरिलिन डिप्टिक’ हें चित्र मीं प्रथम पाहिलें, तेव्हां मात्र हा समज डळमळला.

वॉरहॉल यांचा जन्म १९२८ सालीं पिट्सबर्ग येथें, मध्य युरोपांतून आलेल्या एका कष्टाळू कुटुंबांत झाला. प्रथम ते जाहिरातींकरितां चित्रें काढीत. पुढें सुपाचे डबे, शीतपेयाच्या बाटल्या अशा बाजारांतील नित्याच्या वस्तूंसच त्यांनीं चित्रांत स्थान दिलें. या संप्रदायास ‘पॉप आर्ट’ म्हणतात.

ऑगस्ट १९६२ मध्यें मेरिलिन मन्रो ही विख्यात नटी वयाच्या ३६ व्या वर्षीं मृत्यु पावली. त्यानंतर लवकरच वॉरहॉल यांनीं, ‘नायगारा’ या १९५३ च्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठीं काढलेलें तिचें एक छायाचित्र घेतलें. तें रेशमी जाळीवर उतरवून व जाळींतून शाई दाबून, त्यांनीं तो एकच चेहरा कापडावर ५० वेळां उमटविला. डावीकडील २५ चेहरे भडक रंगांचे. उजवीकडील २५ केवळ काळ्या शाईचे. उजवीकडे कोठें शाई दाटून मुख काळवंडलें आहे, तर कोठें तें पुसट होत होत नाहींसें होऊं लागलें आहे.

कित्येक रसिकांस या पुसटपणांत मृत्यूची छाया दिसते. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. नॉर्मा जीन या मूळ नांवाची, परक्यांच्या घरीं व अनाथालयांत वाढलेली मुलगी त्या पन्नासांत कोठेंच सांपडत नाहीं. चेहरा लक्षावधि लोकांनीं पाहिला. त्यामागील मनुष्य फारच थोड्यांनीं.

हें चित्र मला वर्गांत वारंवार आठवतें. समोर एकाच गणवेषांतील पन्नास मुलें असतात. तेथें एक चेहरा पन्नास वेळां. येथें पन्नास निराळे चेहरे, आणि रोजच्या हजेरींत ते एकसारखे वाटूं लागण्याचें भय. कोणाची आई आजारी आहे, कोण उपाशी आला आहे, हें हजेरीपटावर उमटत नाहीं. त्यासाठीं क्षणभर थांबून विचारावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, मोबाइलवर नटांचे व खेळाडूंचे चेहरे तुम्ही दिवसांतून अनेक वेळां पाहतां. त्यासच ओळख समजूं नका. आपल्या बांकावर शेजारीं बसणाऱ्या सोबत्याचा चेहरा एकवार नीट पाहा. पालकांसहि हीच विनंति: सायंकाळीं मुलाचे गुण विचारण्यापूर्वीं त्याच्या मुखाकडे पाहावें.