मढच्या वाळूवर कॅमेऱ्याची पारख

पुतण्या पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून त्याला एक चांगला कॅमेरा घेऊन द्यावा, असें आमच्या मातोश्रींच्या मनांत होतें. यंदा माघांत त्यांनीं त्यासाठीं आपली दीड लाखाची ठेव मोडण्याचें बोलून दाखविलें, आणि घरांत वादास तोंड फुटलें. चिरंजीवांना कोंकणच्या किनाऱ्यानें कोळीवाडे पाहत हिंडावयाचें आहे. त्याच्या मतें दूरचें जवळ आणणारें लांब भिंग हवेंच. माझ्या मतें एकाच आखूड भिंगाचा लहान कॅमेरा पुरे. आणि वहिनींच्या मतें खिशांत फोन असतांना दोन्ही व्यर्थ! "पैसे मी देईन, पण आधीं दोन्ही वापरून पहा," असा मातोश्रींनींच अखेर निकाल दिला. तेव्हां स्नेह्यांकडून दोन्ही प्रकारचीं यंत्रें उसनीं आणून आम्ही काका-पुतणे एका रविवारीं पहाटे मढला निघालों.

मढ हें मुंबईचेंच एक उपनगर. परंतु वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरींत पाय ठेवला कीं शहर मागें राहतें. मालाडहून मार्व्याच्या वाटेनें बसही येते, पण तरीची मौज बसला नाहीं. खाडी ओलांडावयास फार वेळ लागत नाहीं. माणसें, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, सारें एकाच तरींतून पार होतें. त्या दाटींत पुतण्याच्या पाठीवरील पिशवी प्रत्येकाला लागत होती. कॅमेरा आणि तीन भिंगें. त्यांतलें ७० ते २०० मि.मी.चें एकटेंच दीड किलोच्या घरांत. माझ्या गळ्यांत फूजीफिल्मच्या एक्स-१०० मालिकेंतील कॅमेरा होता. भिंग एकच, न बदलतां येणारें. वजन सारें मिळून अर्ध्या किलोच्या आसपास.

लहान यंत्राचा हा पक्षपात कांहीं माझ्या एकट्याचा नव्हे. जर्मनींत १९२५ सालीं लायका बाजारांत आला, तो चलच्चित्रांच्या ३५ मि.मी. फितीवर चित्रें घेणारा आणि कोटाच्या खिशांत मावणारा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसां १९४७ च्या अखेरीच्या सुमारास हिंदुस्थानांत आला, तो असाच कॅमेरा घेऊन. बहुतेक काम तो ५० मि.मी.च्या एका भिंगावर भागवी. ३० जानेवारी १९४८ रोजीं, मृत्यूच्या अगदीं थोडा वेळ आधीं, त्यानें गांधीजींची भेट घेतली होती. उलटपक्षीं आपल्या होमाई व्यारावालांनीं स्पीड ग्राफिकसारखें अवजड यंत्र वर्षानुवर्षें वागविलें, तेंही साडी नेसून. तेव्हां ओझें वाहिल्यानें चांगलें चित्र मिळत नाहीं, असें मात्र म्हणवत नाहीं.

आम्ही पोहोंचलों तेव्हां नुकतें फटफटत होतें. डोलजाळ्यांत सांपडलेली मासळी होड्यांवरून उतरत होती. येथें वहिनींच्या मताची परीक्षा झाली. अंधुक प्रकाशांत पाट्या झेलणारे हात फोननें टिपले, ते नुसते फराटे उमटले. आणि पुढें ऊन चढल्यावर फोनचा पडदाच दिसेना. ज्याला डोळा लावून पाहतां येतें असें यंत्र उन्हांत किती सोयीचें, हें तेव्हां कळलें.

मढच्या वाळूवरचें खरें दृश्य म्हणजे वाळत घातलेले बोंबील. बांबूंच्या उंच मांडवाच्या आडव्या दांड्यांवर, दोन-दोन बोंबील जबड्यांत जबडा अडकवून टांगलेले असतात. वाऱ्यावर तीं रुपेरी तोरणें हलत होतीं. पुतण्यानें चाळीस पावलांवरून लांब भिंग रोखलें, आणि बोंबील टांगणाऱ्या एका वृद्ध कोळिणीनें तें नेमकें पाहिलें.

"लांबशी चोरून काय काढतंस रं पोरा? काढायचं तं जवल ये, इचारून काढ!"

पुतण्याचा चेहरा उतरला. मागाहून त्यानें तीं चित्रें मला दाखविलीं. बाईंच्या चेहऱ्याची सुरकुतीन् सुरकुती त्यांत स्पष्ट होती. परंतु त्या कोठें उभ्या आहेत, काय करीत आहेत, शेजारीं कोण आहे, यांपैकीं कांहींच नव्हतें. लांब भिंग चेहरा उचलून आणतें आणि गांव मागें सोडून देतें. पक्ष्यांसाठीं तें योग्यच आहे. पण मावशी म्हणजे कांहीं समुद्रपक्षी नव्हेत!

त्यानें निमूटपणें माझा कॅमेरा घेतला व जवळ जाऊन परवानगी विचारली. ती लगेच मिळाली नाहीं. आधीं अर्धा तास बोंबलांच्या पाट्या उचलून द्याव्या लागल्या. मग मात्र त्या आपल्या कामाला लागल्या आणि तो त्याच्या. नवशिक्यांसाठीं एक युक्ति सांगतों. ३५ मि.मी.च्या मानानें बसणारें भिंग असेल, तर छिद्र एफ-८ वर व अंतर दहा फुटांवर बांधून ठेवावें. सात फुटांपासून वीस फुटांपर्यंत सारें पुरेसें रेखीव येतें. यंत्राशीं खटपट करावी लागत नाहीं, आणि डोळे माणसांकडे राहतात.

मध्यंतरीं आमच्या हातून एक चूक झाली. वाऱ्यांत, वाळूवर उभे राहूनच आम्ही मोठ्या कॅमेऱ्याचें भिंग बदललें. पुढच्या प्रत्येक चित्रांत आकाशाच्या त्याच जागीं काळा ठिपका! यंत्र स्वच्छ करवून स्नेह्यांना परत देतांना मला फार ओशाळवाणें वाटलें. समुद्राकांठीं हिंडणाऱ्यानें, रात्रीं घरीं आल्यावर गोड्या पाण्यानें किंचित् ओलसर केलेल्या मऊ फडक्यानें यंत्र बाहेरून पुसावें, आणि पावसाळ्यांत तें ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें; नाहीं तर मुंबईच्या हवेंत भिंगावर बुरशी धरण्यास वेळ लागत नाहीं.

परततांना मढचा किल्ला बाहेरून पाहिला. पोर्तुगीजांनीं बांधलेला हा किल्ला १७३९ सालीं, वसईच्या मोहिमेच्या काळांत, मराठ्यांनीं घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यांत आहे व परवानगीवांचून आंत जातां येत नाहीं. लांब भिंग गळ्यांत घालून अशा जागेभोंवतीं घोटाळणें बरें नव्हे. पुतण्यानें आपण होऊन तें पिशवींत घातलें.

निघण्यापूर्वीं मावशी एवढेंच म्हणाल्या होत्या, "फोटू सगलेच नेतात, आनून देत कोन नाय." हें वाक्य त्याला फार लागलें असावें. पुढच्या आठवड्यांत फोर्टमधील बोराबाजारांत हिंडून त्यानें एक जुना, पण सुस्थितींतला, एकाच भिंगाचा कॅमेरा घेतला. मातोश्रींची निम्मी ठेव शाबूत राहिली. उरलेल्यांतले कांहीं रुपये त्यानें मोठ्या आकाराचीं चित्रें छापवून घेण्यास मागितले, तेव्हां घरांत कोणी हूं कीं चूं केलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं आम्ही पुन्हां तरींत बसलों. मावशींनीं चित्र आधीं दूर, मग जवळ धरून पाहिलें. शेजारणीला हांक मारली. दोघी खूप वेळ बघत राहिल्या, मग पुतण्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "माजे बोंबील वाकडे टांगलेत, का तुजा फोटू वाकडा हाय?"

त्यानें निरखून पाहिलें. समुद्राची रेघच तिरपी आली होती.