माळ्यावरचे मिग

वणीच्या पेठेतील भुसाराचे दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर त्या गृहस्थांनी माळ्यावर विमान बांधावयास घेतले. कांदिवलीतील घराच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, हे त्यांनी वाचले होते. यांचे विमान उडणार नव्हते. मिग-२१ ची दशांश प्रतिकृती, एवढाच बेत. ओझर जवळच, तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार होत, आणि त्यांचा गडगडाट दुकानाच्या पत्र्यावर ऐकतच गृहस्थ मोठे झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने चंदीगड येथे मिग-२१ ला निरोप दिला. त्याच आठवड्यात घरात प्लायवूड आले.

खऱ्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, येथे तो साडेएकाहत्तर सेंटिमीटर. वजनमापात आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशेब सोपा. अवघड होते नाक. हवा आत घेणाऱ्या गोल तोंडाच्या मधोमध एक शंकू असतो. खऱ्या विमानात वेग वाढेल तसा तो पुढे सरकतो. सुताराने तो भोवऱ्यासारखा कातून दिला.

त्याच सुताराने सांध्यांसाठी सरस सुचवला. सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा, म्हणून तो नाकारला गेला. रंगाचा ब्रशही डुकराच्या केसांचा नको, नायलॉनचाच हवा, असे बजावून आणवला. दिव्याभोवती किडे जमतात म्हणून सूर्यास्तानंतर काम बंद.

पंखांखालची दोन क्षेपणास्त्रे तयार झाली, त्या सकाळी पत्नी सामायिक आटोपून वर आल्या.

“अहो, घरात सरस चालत नाही, मग हे कसं चालतं?”

गृहस्थांनी विरोधी हिंसेचा आधार घेतला. श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य. रक्षणासाठी शस्त्र धरणाऱ्याची गोष्ट निराळी, आणि १९७१ च्या युद्धात हीच विमाने देशासाठी लढली. युक्तिवाद खोटा नव्हता. पण तो सीमेवरच्या सैनिकाचा होता. माळ्यावर प्लायवूड कापणाऱ्याला तो उसना कसा घेता येईल? अनर्थदंडविरमण व्रतात हिंसेची साधने निष्कारण दुसऱ्याच्या हाती देणे हा दोष सांगितला आहे. लाकडाच्या नळकांड्या कोणाला मारणार नाहीत, हे खरे. नातू त्या हातात घेऊन ‘ढिश्क्यांव’ करीत घरभर धावत होता, हेही खरे.

पत्नींनी वाद वाढवला नाही. त्या खाली स्वयंपाकाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी क्षेपणास्त्रे निघाली. पोटाखालची इंधनाची टाकी तेवढी राहिली. पंखांना पाडलेली भोके पुट्टीने बुजवून वर रुपेरी रंगाचा हात दिला; तरी खिडकीतून तिरपे ऊन आले की ती जागा अजून दिसते.