व्याह्यांचा रविवार

लेकीने इंग्रज नवरा केला तेव्हा आमच्या आळीत जेवढी कुजबुज झाली नाही, तेवढी मी व्याह्यांसाठी बीफ रांधले हे कळल्यावर झाली. बातमी फोडली तीही मीच, भिशीच्या दिवशी, बोलण्याच्या ओघात. तेव्हा आता सगळेच सांगून टाकते.

आमचे व्याही इंग्लंडात, डर्बीशरमधल्या कॅसलटन नावाच्या खेड्यात एकटे राहतात. सारी नोकरी तिथल्याच खोऱ्यातल्या सिमेंटच्या कारखान्यात झाली. मी लेकीकडे शेफिल्डला गेले तेव्हा विहीणबाईंना जाऊन सात महिने झाले होते. लेक म्हणाली, "आई, तेव्हापासून त्यांच्या घरी रविवारचा रोस्टच झाला नाही. एकदा त्यांनी केला, तर चपलेचा तळ झाला. दातही आता पहिल्यासारखे नाहीत. तू कर ना काहीतरी. तुझ्यासारखं मऊ मटण कोणाला जमतं?"

ही लबाडी मला कळत होती. आमच्याकडे रविवारी मटण शिजते हे खरे, पण गाईचे? दर वसुबारसेला आईबरोबर सवत्स गाईच्या पायांवर पाणी घातलेले हे हात! दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पुण्याहून हे फोनवर म्हणाले, "तू खाणार थोडीच आहेस? नुसतं रांधायचं तर आहे!" नुसतं म्हणे! शेवटी सासूबाई आठवल्या. त्यांचे माहेर माळकरी. पण सासरी आल्यावर त्यांनी जन्मभर नाकाला पदर लावून मटण रांधले, चाखले कधीच नाही, आणि मिठाचा अंदाज एकदाही चुकला नाही. मी व्याह्यांना निरोप धाडला, शनिवारी रात्रीच मांसाला मीठ चोळून ठेवा.

रविवारी सकाळी नऊला लेक-जावई मला कॅसलटनला सोडून आपापल्या ड्यूटीवर गेली; जेवायला दोनला येणार होती. ओट्यावर दोन किलोंचा तुकडा, सुतळीने आवळून बांधलेला. त्याला ब्रिस्केट म्हणतात, म्हणजे जनावराच्या छातीकडचा भाग. स्वस्त, कारण चिवट. आणि चिवट, कारण जनावराचा भार पेलून तिथले स्नायू राबलेले असतात. असे मांस मोठ्या आचेवर टाकले की आवळूनच बसते. व्याह्यांचे तिथेच चुकले होते. मंद आचेवर तासन्‌तास राहिले, तर मात्र त्यातल्या चिवट पडद्यांचे जेलाटिन होते आणि मांस सुरीपुढे नमते. रामाचे नाव घेतले, तुकडा कोरडा पुसला, तेलावर सगळ्या बाजूंनी लालसर केला. विहीणबाईंचे जड बिडाचे भांडे होते. त्यात तळाशी कांदा, गाजर, सेलरी, वर मांस आणि दोन पेले गरम पाणी. आपण पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी घालतो. भट्टीत ते कसले जमायला? म्हणून झाकणाखाली बटर पेपर दाबून बसवला. आच दीडशे अंश. मग हात तीनदा धुतले.

"आता चार तास," मी म्हटले. (व्याह्यांना नावाने हाक मारणे मला मेल्याही जमणार नव्हते, मी सगळी वाक्ये 'एक्सक्यूज मी'ने सुरू करी.)

"ती होती तेव्हा या वेळी आम्ही मॅम टोरवर जायचो," ते म्हणाले, आणि बूट शोधू लागले.

मॅम टोर म्हणजे आईचा डोंगर. उंची ५१७ मीटर. गावापासून चढण मोजली तर सिंहगडाच्या निम्मीही असेल-नसेल. मेंढ्यांच्या कुरणांतून वाट हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढते. पलीकडच्या एडेलला स्वतःचे चर्च नव्हते त्या काळी तिकडची प्रेते याच खिंडीतून होपच्या चर्चकडे नेत. समोर किंडर स्काउटचे पठार. ते धनिकांनी शिकारीसाठी राखलेले. १९३२ साली शेकडो तरुण कामकरी मंडळी मज्जाव मोडून त्यावर चढली आणि पाचजण तुरुंगात गेले. हे व्याही मोठ्या अभिमानाने सांगत होते. पण खिंडीत आल्यावर गप्प झाले.

"ती इथूनच परत फिरायची," ते म्हणाले. "तू जा वर, मला भांड्याकडे बघायला हवं, म्हणायची. एकेचाळीस वर्षांत एकदाही माथ्यावर आली नाही. माझ्या जेवणापायी तिचा डोंगर राहिला." मग एकदम म्हणाले, "तुम्हालाही परत जायचं असेल ना?"

"नको," मी म्हटले. "झाकण घट्ट आहे. त्याला बघायला लागत नाही."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "मग ती काय करायची?"

माझे इंग्रजी बेताचे. अकरा माणसांच्या घरात मी दळण आणायला जायची, आणि पीठ तयार असूनही गिरणीच्या बाकावर अर्धा तास बसून राहायची, हे त्यांना कसे सांगावे? "बसायची," मी म्हटले. "घर रिकामं असतं ना. नुसती बसायची."

व्याह्यांनी खाली गावातल्या छपरांकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग हसू लागले ते इतके, की डोळे पुसावे लागले. "लबाड!" म्हणाले. अगदी लाडाने.

पुढची वाट कड्यावरून, दगडी फरश्यांची. माथ्यावर जुन्या गढीचे मातीचे तट आहेत. ते पाहून जरा माहेरी आल्यासारखे वाटले. उतरताना जुना मोटाररस्ता लागला. डोंगर सारखा ढासळतो, तो दुरुस्त करता करता सरकारने हात टेकले आणि १९७९ साली रस्ता सोडून दिला. डांबराच्या चिरफळ्या ओलांडताना व्याह्यांनी मला हात दिला, मी घेतला. पुण्यात हेही सांगितलेले नाही.

दार उघडताच वास आला. मांस बाहेर काढून अर्धा तास झाकून ठेवले, मग त्यांनी आडव्या तंतूंनी कापले. सुरीला जोर लागला नाही. माझ्यापुरते बटाटे आणि यॉर्कशर पुडिंग मी वेगळ्या तेलात केले होते. व्याह्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केले, तिसऱ्यांदाही.

जेवणे झाल्यावर ते म्हणाले, "भांडी मी घासतो," आणि खिडकीजवळची खुर्ची माझ्यापुढे ओढली. लेक माझ्या कानाशी लागली, "आई, त्या खुर्चीत ते कोणालाच बसू देत नाहीत गं."

मी बसले.