दापोलीची आमसुलं आणि आपली चिंच

बेंबळीहून दापोली म्हणजे एस. टी. बदलत एक रात्र आणि वर अर्धा दिवस. मे महिन्यात तिथल्या कोकण कृषी विद्यापीठात आमचं फळप्रक्रियेचं शिबिर होतं.

शेवटच्या दिवशी दुपारीच मोकळे झालो. मुरूडच्या किनाऱ्यावर विजार दुमडून पाण्यात उभा राहिलो. पन्नाशी उलटली, तरी पायाखालची वाळू सरकली की धास्ती वाटतेच बघा! संध्याकाळी हर्णैला होड्यांतून मासळी उतरली आणि वाळूतच लिलाव सुरू झाला. ताजी मासळी आपल्या गावापर्यंत टिकायची नाही, म्हणून सुकट घेतली. गाडीत शेजाऱ्यानं नाक धरलं, ते सोडा.

मन अडकलं ते आमसुलांत. एका अंगणात एक मावशी रातांब्याची सालं त्याच्याच खारवलेल्या रसात बुडवून उन्हात टाकीत होत्या. वाळली की पुन्हा बुडवायची. असं पाच-सहा वेळा. बियासुद्धा फेकत नाहीत. त्यांचं तेल निघतं, ते थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. किलोभर घेतली. घासाघीस करणार होतो, पण मावशींची लालभडक बोटं पाहून गप्प बसलो.

आता सांगा, बांधावरच्या चिंचेचं आपण काय करतो? झाड उक्तं देऊन मोकळे होतो. गेल्या साली मीही तेच केलं. मुलीच्या फीची घाई होती. येत्या हंगामात निम्मी चिंच घरीच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून ठेवायचं ठरलं आहे. घरातून अट एकच आली : फोडायला मीही बसायचं.